एक श्वास, चार गज

पाश्चात्य अभिजात संगीताचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम येतो तो शंभर वादकांचा वाद्यवृंद आणि उंच चौथऱ्यावर उभा राहून हातातील छडीने त्या सर्वांवर हुकमत चालविणारा संचालक. परंतु त्या विशाल साम्राज्याच्या हद्दीतच एक लहानशी स्वायत्त जहागीर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे, जिच्यात ना संचालक असतो ना छडी, आणि जिच्या सगळ्या वैभवाला एक बेताचा दिवाणखाना व चार-पाच खुर्च्या एवढी जागा पुरते. ‘चेंबर म्युझिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संगीतात प्रत्येक वादकाच्या वाट्याला स्वतंत्र ओळ येते. त्याच्यामागे त्याचीच ओळ वाजविणारा दुसरा कोणी नसतो, म्हणून त्याची चूक झाकली जात नाही आणि त्याचे सौंदर्यही झाकले जात नाही. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो ही या जहागिरीची जुनी घराणेदार चौकडी होय. या चौकडीत क्लॅरिनेट हे पाचवे माणूस येऊन बसले, की ‘पंचक’ नावाची जी रचना सिद्ध होते ती माझ्या मते मानवाने नादातून घडविलेल्या अत्यंत सुसंस्कृत वस्तूंपैकी एक आहे. तिचा परिचय आपल्या ठाणे-कल्याणच्या रसिकांना करून द्यावा, कारण तिच्यासाठी लागणारा कान त्यांच्यापाशी आधीपासूनच आहे, असे मला मनापासून वाटते.

हे विधान मी सहज केलेले नाही. ठाणे-कल्याणच्या रहिवाशाला फुंकीचे वाद्य आणि गजाचे वाद्य ही दोन्ही अंगे निरनिराळी का होईना, पण पुरती परिचित आहेत. लग्नसराईत वरातीपुढे चालणाऱ्या बँडमध्ये, ढोल आणि ट्रंपेट यांच्या कल्लोळातून गाण्याची मूळ चाल सुटी करून जो नेमका आपल्या कानापर्यंत पोहोचवितो, तो काळ्या नळीचा आणि चकचकीत कळांचा ‘क्लॅरोनेट’ येथल्या प्रत्येक आळीने ऐकला आहे. आणि ज्यांच्या घरी तबकड्या होत्या त्यांनी मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिनेटवरील ध्वनिमुद्रिकाही ऐकल्या आहेत. व्हायोलिनचे तर काय सांगावे? औंध संस्थानचे दरबारगायक अंतूबुवा जोशी यांचे चिरंजीव, ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तीनही घराण्यांच्या गायकीवर प्रभुत्व मिळविणारे आणि तीच गायकी गजातून उमटविणारे पंडित गजाननबुवा जोशी यांचे उत्तरायुष्यातील वास्तव्य डोंबिवलीत होते, आणि उल्हास कशाळकरांसारख्या शिष्याला त्यांची तालीम लाभली. ठाण्यात पंडित राम मराठे राहिले. कल्याणात १९२६ पासून कल्याण गायन समाज शास्त्रीय संगीताची ज्योत सांभाळीत आहे. थोडक्यात, फुंकीचे वाद्य आपल्याला रस्त्यावर भेटले आणि गजाचे वाद्य बैठकीत भेटले. या दोहोंनी एकाच बैठकीत शेजारी बसून एकमेकांशी बोलावे, हा प्रसंग मात्र आपल्याकडे दुर्मिळ राहिला.

क्लॅरिनेट हे यंत्र म्हणूनही न्याहाळण्याजोगे आहे. इ. स. १७०० च्या सुमारास जर्मनीतील न्युरेंबर्ग शहरी योहान क्रिस्टॉफ डेनर नावाच्या कुशल कारागिराने शालुमो या जुन्या, अल्प पल्ल्याच्या वाद्यावर संस्कार करून ते घडविले, असे इतिहास सांगतो. आजचे चांगले क्लॅरिनेट आफ्रिकेतील ग्रेनाडिला या काळ्याभोर लाकडाचे असते. हा वृक्ष आपल्या शिसवाच्याच कुळातला, आणि त्याचे लाकूड इतके जड की पाण्यात टाकल्यास बुडते. मुखनलिकेला एकच पत्ती बांधलेली असते. ती एका जातीच्या उंच बोरूपासून तासून काढतात, आणि त्या बोरूची नामांकित पैदास दक्षिण फ्रान्सच्या वार परगण्यात होते. ही पत्ती हवेतील दमटपणाला फार लवकर वश होते. म्हणून खाडीकाठच्या पावसाळ्यात वाजविणाऱ्याला पत्त्या पुनःपुन्हा पारखून घ्याव्याच लागतात.

परंतु या वाद्याचे खरे रहस्य त्याच्या नळीच्या आकारात आहे. आपल्या सनईची नळी खालच्या दिशेने क्रमाक्रमाने रुंदावत जाते; क्लॅरिनेटची नळी बहुतांश एकाच व्यासाची असते, आणि तिचे वरचे टोक वादकाच्या ओठांत जणू बंद होते. या भेदामुळे सनई जोराने फुंकली असता स्वर षड्जावरून तार षड्जावर जातो, तर क्लॅरिनेटवर मागच्या बाजूची एक कळ दाबताच तो षड्जावरून पुढच्या सप्तकातील पंचमावर उडी घेतो. मधला एवढा मोठा प्रदेश भरून काढण्यासाठी कळांची गुंतागुंतीची व्यवस्था लावावी लागली, आणि पॅरिसमध्ये क्लोझे हा वादक व ब्युफे हा कारागीर यांनी १८३९ ते १८४३ या काळात जी रचना बसविली तीच थोड्याफार फरकाने आज बहुतेक ठिकाणी चालते. मात्र ज्याला यंत्राची अडचण म्हणावे तेच या वाद्याचे ऐश्वर्य ठरले, कारण त्या एका नळीत तीन भिन्न प्रकृती वसतात: खालचा पल्ला गडद, पोकळ, किंचित गूढ, मधला फिकट आणि संकोची, वरचा निर्मळ आणि प्रकाशमान. शिवाय या वाद्यापाशी असे एक सामर्थ्य आहे, जे फुंकीच्या इतर वाद्यांत इतक्या परिपूर्णतेने आढळत नाही: ते निःशब्दातून, आरंभ कोठे झाला हे कळू न देता स्वर उमटवू शकते आणि तसाच मावळवू शकते.

हेच सामर्थ्य तंतुवाद्यांच्या सहवासात त्याला अतुलनीय करते. ओबो या फुंकीच्या वाद्याचा स्वर धारदार असल्यामुळे तो तारांपासून निराळा ओळखू येतो आणि बासरीचा स्वर वाऱ्यासारखा वरून वाहत जातो. क्लॅरिनेट मात्र क्षणात व्हायोलाच्या रंगात मिसळते, क्षणात चेलोच्या आधारावर विसावते, आणि आपण ऐकतो आहोत तो स्वर लाकडाचा की तारेचा हे रसिकाला सांगता येऊ नये इतके एकरूप होते. त्याच वेळी एक अटळ भेद राहतोच. गज परतविता येतो, श्वास संपतो. म्हणून चार गजांच्या संगतीत एक श्वास आला की त्या चौघांनाही त्या श्वासाच्या मापाने आपले वाक्य घडवावे लागते. कोठे थांबायचे, कोठे विरामाला अवकाश द्यायचा, हे ते एकमेकांच्या डोळ्यांत आणि खांद्याच्या हालचालीत वाचतात. एकाच्या मर्यादेचा चौघांनी केलेला हा आदर ज्या क्षणी सौंदर्यात परिणत होतो, त्या क्षणासाठीच हा सगळा प्रपंच आहे.

या प्रकाराचा आद्य आदर्श मोझार्टने घालून दिला. आपला मित्र आणि व्हिएन्नाचा अग्रगण्य क्लॅरिनेटवादक आंटोन स्टाडलर याच्यासाठी त्याने १७८९ च्या सप्टेंबरात ए मेजर स्वरपंक्तीतील पंचक पुरे केले, आणि त्याच वर्षी २२ डिसेंबर रोजी ते व्हिएन्नात प्रथम वाजले. स्टाडलरचे वाद्य खालच्या बाजूस नेहमीपेक्षा अधिक लांबविलेले होते, आणि त्या अधिक खोल स्वरांचा मोह मोझार्टला पडला होता. आरंभी चारी तंतुवाद्ये एक शांत, प्रार्थनेसारखा चरण म्हणतात, आणि तो पुरा होताच क्लॅरिनेट त्याचे उत्तर एका चढत-उतरत जाणाऱ्या स्वरमालिकेने देते. दोन वाक्यांतच दोन स्वभावांचा परिचय होतो आणि स्नेहही जुळतो. दुसऱ्या, विलंबित भागात तंतुवाद्यांच्या घोडीवर म्यूट बसवून त्यांचा आवाज मंद केलेला असतो, आणि त्या मंद प्रकाशात क्लॅरिनेट एक दीर्घ गान गाते. तिसऱ्या भागात एका ठिकाणी क्लॅरिनेट पूर्णपणे मौन धारण करते आणि केवळ तारांनाच बोलू देते. पाहुण्याचा मान ठेवणारे यजमान पुष्कळ असतात. यजमानांना बोलू देणारा पाहुणा विरळा, आणि मोझार्टच्या क्लॅरिनेटला ही शालीनता पुरेपूर साधली आहे.

त्यानंतर १८१५ साली संगीतकार वेबरने हाइनरिश बेरमान या वादकासाठी आपले पंचक पूर्ण केले. त्यात कौशल्याची चमक मोठी आहे, परंतु तारांकडे मुख्यत्वे साथीचेच काम उरते. मोझार्टच्या उंचीचे पुढचे शिखर यायला शतक लोटावे लागले. १८९० मध्ये संगीतकार योहानेस ब्राम्स याने आपले लेखनकार्य आटोपले असे मनाशी ठरविले होते. पण पुढल्याच वर्षी माइनिंगेन येथील दरबारी वाद्यवृंदात रिशार्ड म्युलफेल्ड याचे क्लॅरिनेट त्याच्या कानी पडले, आणि निवृत्तीचा तो निर्धार गळून पडला. हा म्युलफेल्ड त्या वृंदात मूळचा व्हायोलिनवादक. क्लॅरिनेट तो स्वतःच्या परिश्रमाने शिकलेला, आणि म्हणूनच कदाचित त्याच्या फुंकीत गजाची ओढ होती. १८९१ च्या उन्हाळ्यात इशल या गावी मुक्काम असताना ब्राम्सने त्याच्यासाठी एक त्रिक आणि बी मायनरमधील पंचक लिहिले. या पंचकाच्या दुसऱ्या भागाच्या मध्यावर क्लॅरिनेट हंगेरीच्या भटक्या वादकांच्या शैलीत मुक्त आणि आर्त असे काही बोलू लागते आणि खाली तारा थरथरत राहतात; आपल्याकडील आलापीवर पोसलेल्या श्रोत्याला तेथे कोणाकडूनही अर्थ समजावून घ्यावा लागत नाही. अखेरीस, विविध रूपांतरांचा प्रवास करून झाल्यावर, पहिल्या भागाचा आरंभीचा स्वरसमूह पुन्हा प्रकट होतो, आणि वृद्ध रचनाकाराने सारे आयुष्य मागे वळून पाहावे तसा तो शेवट होतो.

या परंपरेचा एक धागा आपल्याच मुलुखातून गेला आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडलेला फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियाँ गर्लिट्झ येथील युद्धकैद्यांच्या छावणीत असताना, तेथे जे वादक होते त्यांच्यासाठी, म्हणजे क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि स्वतःचा पियानो यांसाठी त्याने ‘कालाच्या अंताचे चतुष्क’ रचले, आणि १५ जानेवारी १९४१ रोजी गोठविणाऱ्या थंडीत कैद्यांच्या व पहारेकऱ्यांच्या समोर ते वाजविले. त्याच्या पहिल्या भागातील पियानोची लयमालिका तीन देशी तालांची गुंफण आहे: रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. हे ताल मेसियाँला एका फ्रेंच संगीतकोशात सापडले होते, आणि त्यांचे मूळ तेराव्या शतकातील ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात आहे, ज्याचा कर्ता शार्ङ्गदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी जमाखर्चाचे दफ्तर सांभाळणारा अधिकारी होता. देवगिरीच्या एका हिशेबनिसाने लिहून ठेवलेल्या मात्रा सातशे वर्षांनी सिलेशियाच्या बर्फात एका कैद्याच्या बोटांनी जिवंत केल्या, ही हकीकत महाराष्ट्रातील प्रत्येक संगीतप्रेमी माणसाला अभिमानास्पद वाटावी अशी आहे.

मुंबईतही या संगीताचे वास्तव्य पूर्वीच झाले आहे. बोहेमियातील कार्ल्सबाड येथे जन्मलेला ज्यू संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४ साली मुंबईत उतरला. युरोपात ज्यूंवर येऊ घातलेल्या संकटामुळे त्याला परतता आले नाही, आणि त्याने येथे बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात तिच्या मैफली होत, आणि व्हायोलिनवर मेहली मेहता त्याचे साथीदार असत. त्याच मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभी केली. काउफमान १९३७ ते १९४६ या काळात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्य संगीत विभागाचा प्रमुख होता. शिवरंजनीची छाया असलेली, तंबोऱ्याच्या नादावर उमटणारी आकाशवाणीची जी व्हायोलिनची धून पहाटे कल्याण-डोंबिवलीच्या चाळींतून रेडिओ उघडताच ऐकू येई, ती त्याच्या नावे नोंदली जाते. एका चेंबर संगीतकाराच्या स्वरांनी हा सगळा प्रदेश अनेक दशके जागा होत आला आहे.

दुसऱ्या बाजूने, गोव्याच्या चर्चमधील शाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकून अनेक गोमंतकीय कलावंत मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. त्यांपैकी माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांनी संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले आणि १९५८ मध्ये राग व पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारे प्रयोगही केले. २००६ पासून नरिमन पॉइंट येथील एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया काम करीत आहे. म्हणजे वादक दूर नाहीत; ठाण्याहून लोकलने जाण्याइतकेच ते दूर आहेत.

तेव्हा उरतो तो प्रश्न आपल्या उत्सुकतेचा. या संगीतास ध्वनिक्षेपक लागत नाही, अवाढव्य रंगमंच लागत नाही. कल्याण गायन समाजासारख्या संस्थेच्या बैठकीतील शांतता आणि शे-दीडशे सावध श्रोते एवढेच भांडवल त्याला हवे. प्रारंभ मोझार्टच्या विलंबित भागापासून करावा, तोच भाग दुसऱ्यांदा केवळ व्हायोलाकडे लक्ष ठेवून ऐकावा, आणि मग ब्राम्सकडे वळावे. स्वरलिपी वाचता येत नाही म्हणून कोणी संकोच बाळगू नये, कारण बंदिशीची जागा, समेची ओढ आणि साथीदाराने दिलेला अवकाश ओळखणारा माणूस या बैठकीत परका ठरत नाही. आपल्या संगीताने एका कलावंताच्या प्रतिभेला मध्यभागी बसवून तिच्याभोवती साथ उभारली, आणि त्यातून अलौकिक सिद्धी प्राप्त केली. या पंचकांनी दुसरा मार्ग दाखविला आहे, ज्यात पाच जण आळीपाळीने केंद्र होतात आणि आळीपाळीने साथ करतात, आणि कोणाचेही व्यक्तित्व त्यामुळे उणे होत नाही. ठाणे-कल्याणच्या एखाद्या संस्थेने वर्षातून एक सायंकाळ अशा पाच वादकांना आमंत्रण द्यावे. तेवढ्याशा खर्चात या प्रदेशाच्या संगीतसंस्कारात एका संपूर्ण नव्या दालनाची भर पडेल, अशी माझी खात्री आहे.