पाठ झाले, पण जमेल का?

‘ओआरएसमध्ये कोणते घटक असतात?’ असा प्रश्न परीक्षेत आला, तर ग्लुकोज, मीठ, पोटॅशियम क्लोराइड आणि सोडियम सायट्रेट ही नावे पाठ असली की पूर्ण गुण मिळतात. पण तेवढ्यावर जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस नीट देता येईलच, असे नाही. आठवणे, समजणे आणि वापरता येणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची पद्धतशीर वर्गवारी शिकागो विद्यापीठातील शिक्षणमानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली मांडली. एखादा प्रश्न विद्यार्थ्याचे नेमके काय तपासतो, हे परीक्षकांना एकमेकांशी समान भाषेत बोलता यावे, हा त्यांचा हेतू होता. लॉरिन अँडरसन आणि डेव्हिड क्राथवोल यांनी २००१ साली संपादित केलेल्या सुधारित मांडणीत सहा पायऱ्या आहेत : आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती.

ओआरएसचेच उदाहरण घेऊ. घटक सांगणे ही पहिली पायरी. त्यात ग्लुकोज कशासाठी, हे सांगणे दुसरी. ग्लुकोजच्या साथीने आतड्यात सोडियम शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणी. पाकिटावरच्या मापाप्रमाणे द्रावण तयार करणे तिसरी. एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात विरघळवले तर काय बिघडेल, याचा उलगडा करणे चौथी. द्रावण तीव्र होऊन रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. त्याऐवजी शीतपेय चालेल का, हे कारणांसह ठरवणे पाचवी. वस्तीतल्या पालकांना समजेल असे माहितीपत्रक तयार करणे सहावी.

याचा अर्थ पाठांतर टाकाऊ, असा नव्हे. माप आठवत नसेल, तर पुढचे काहीच साधत नाही. मात्र अभ्यास तिथेच थांबू नये.

रुग्णाचा जीव ज्यांच्या हाती असतो, त्यांच्या शिक्षणात तर हा फरक फारच मोलाचा. १९९० साली जॉर्ज मिलर यांनी डॉक्टरांसाठी चार पायऱ्या सुचवल्या : माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. भारतात २०१९ साली लागू झालेल्या एमबीबीएसच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमातही कोणती क्षमता कोणत्या पातळीपर्यंत यायला हवी, हे नोंदवलेले आहे.

घरी मुलांचा अभ्यास घेताना ‘काय?’ विचारून झाले की ‘का?’ आणि ‘तसे केले नाही तर?’ हेही विचारून पाहावे. कुठली पायरी कच्ची आहे, ते लगेच कळते.