ढेप वाढवली, फॅट का उतरलं?

रिद्धपूरकडच्या गोठ्यात गाईपुढं कुटार पडतं, वर भिजवलेली सरकीची ढेप. कडबा-कुटार संपत आलं की ढेप आणि मक्याचा भरडा वाढतो. दूध तेवढंच निघतं, पण संकलन केंद्रावर फॅट उतरलेलं! मग पाणी घातल्याचा संशय. हा संशय पुष्कळदा अन्यायाचा असतो.

गाईच्या पोटात चारा आधी जंतू आंबवतात. कडबा-कुटारासारखा भरड चारा घटून मक्यातलं पीठ आणि ढेपेतलं तेल वाढलं, की पोटातला आंबटपणा वाढतो, जंतूंची वस्ती पालटते आणि तेलापासून एक निराळंच मेदाम्ल तयार होऊ लागतं. रक्तावाटे ते कासेत पोचतं.

आता पोथी आठवा. रिद्धपूर हे पोथ्या जपणाऱ्या महानुभाव पंथाचं गाव, त्यामुळं हीच उपमा सुचते. जवळपास प्रत्येक पेशीजवळ जनुकांची सगळी पोथी असते. कासेतल्या पेशी त्यातली दुधाची पानं वाचतात. स्निग्धांश घडवण्याची पानं उघडून देणारं एक प्रथिन असतं. हे मेदाम्ल त्यालाच मंदावतं. पोथीतलं एक अक्षरही बदलत नाही, फक्त ती पानं कमी वाचली जातात.

मात्रा किती लागते? 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगात गाईंच्या पोटात हेच मेदाम्ल शुद्ध रूपात रोज जेमतेम 10 ग्रॅम सोडलं, तर दुधातला स्निग्धांश 40 टक्क्यांहून जास्त घटला. चिमूटभर पदार्थाची ही ताकद मला थक्क करते.

भरड चारा पुन्हा वाढवला, की साधारण दोन आठवड्यांत फॅट पूर्ववत होऊ लागतं.