चाचणी पद्धतीचे वैधीकरण

चाचणी पद्धतीचे वैधीकरण म्हणजे एखादी चाचणी पद्धत ज्या कामासाठी वापरायची आहे, त्या कामाला ती खरोखर पुरी पडते हे प्रयोगांनी तपासून लेखी पुराव्यासह सिद्ध करण्याची प्रक्रिया होय. प्रयोगशाळांच्या रोजच्या भाषेत तिला ‘मेथड व्हॅलिडेशन’ म्हणतात. औषधे, अन्नपदार्थ, पिण्याचे पाणी, माती, रक्त, धातू अशा सर्व क्षेत्रांतील परीक्षणाचा ती पाया आहे. नेहमीच्या चाचणीत पद्धत विश्वासार्ह मानून नमुना तपासला जातो. वैधीकरणात याच्या उलट, ज्यांचे उत्तर आधीच माहीत आहे असे नमुने घेऊन पद्धत तपासली जाते.

गरज

प्रयोगशाळेच्या अहवालातील एका आकड्यावर अनेक निर्णय अवलंबून असतात. विहिरीचे पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, औषधाचा घाण बाजारात जावा की नष्ट करावा, रुग्णाला कोणते उपचार द्यावेत, हे त्या आकड्यावरून ठरते. चुकीच्या पद्धतीमुळे दोन प्रकारची हानी संभवते : घातक वस्तू सुरक्षित ठरू शकते किंवा निर्दोष वस्तू सदोष ठरू शकते. कागदावरील आकडा मात्र दोन्ही प्रसंगी सारखाच नेमका दिसतो. तो कितपत खरा आहे हे आकड्याकडे पाहून कळत नाही; तो ज्या पद्धतीने मिळाला तिची परीक्षा घेतल्यावरच कळते.

संबंधित संकल्पना

वैधीकरण, अंशशोधन आणि पडताळणी या तीन संज्ञांची अनेकदा गल्लत होते. अंशशोधन हे उपकरणाचे असते. तराजू, तापमापक किंवा वर्णपटमापक योग्य वाचन देतो का, हे त्यात ज्ञात प्रमाणांशी तुलना करून ठरवतात. उपकरण बिनचूक असूनही पद्धत चुकीची असू शकते. उदाहरणार्थ, नमुन्यातील घटक द्रावकात पूर्णपणे उतरलाच नाही, तर उत्तम यंत्रही कमीच प्रमाण दाखवील.

भारतीय मानक ब्यूरो, औषधकोश किंवा तत्सम संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या प्रमाण पद्धतीचे वैधीकरण आधीच झालेले असते. अशी पद्धत आपल्या प्रयोगशाळेत, आपल्या उपकरणांवर व आपल्या कर्मचाऱ्यांच्या हातून अपेक्षेप्रमाणे चालते, एवढे प्रयोगशाळेने दाखवायचे असते. हीच पडताळणी. पद्धत प्रयोगशाळेने स्वतः विकसित केली असेल, प्रमाण पद्धतीत फेरबदल केला असेल किंवा ती मूळ व्याप्तीबाहेरच्या नमुन्यांसाठी वापरायची असेल, तर मात्र वैधीकरण करावे लागते.

वैधीकरणात तपासले जाणारे गुण

पुढील गुण पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटच्या मापनाच्या उदाहरणाने स्पष्ट करता येतात. खते व सांडपाणी यांतून नायट्रेट भूजलात झिरपते. वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिल्यास तान्ह्या मुलांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. ‘आयएस १०५०० : २०१२’ या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेट २२० नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण शोषते आणि या शोषणावरून त्याचे प्रमाण काढता येते. खाली दिलेली वाचने केवळ समजण्यासाठी घेतलेली आहेत.

विशिष्टता : पद्धत अभिप्रेत घटकच मोजते की त्याच्यासोबत दुसरेही काही मोजते, हा पहिला प्रश्न असतो. पाण्यातील विरघळलेले सेंद्रिय पदार्थही २२० नॅनोमीटरला किरण शोषतात. नायट्रेट २७५ नॅनोमीटरला शोषण करत नाही, सेंद्रिय पदार्थ करतात. म्हणून तेथे दुसरे वाचन घेऊन त्याची दुप्पट पहिल्या वाचनातून वजा करतात. ही वजावट मूळ वाचनाच्या साधारण १० टक्क्यांहून अधिक होत असेल, तर त्या पाण्यासाठी ही पद्धत वापरू नये. स्वच्छ भूजलासाठी वैध असलेली पद्धत गढूळ नाल्याच्या पाण्यासाठी आपोआप वैध होत नाही, ती यामुळेच.

अचूकता : मिळालेले उत्तर खऱ्या मूल्याच्या किती जवळ आहे, ते अचूकता सांगते. त्यासाठी प्रमाणित संदर्भद्रव्य तपासतात किंवा नमुन्यात घटकाचे ज्ञात प्रमाण मुद्दाम मिसळून त्यातले किती परत मिळते ते पाहतात. समजा, लिटरमागे २० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्यात आणखी १० मिलिग्रॅम मिसळले आणि चाचणीत एकूण २९.६ मिलिग्रॅम आढळले. म्हणजे मिसळलेल्या १० पैकी ९.६ मिलिग्रॅम परत मिळाले. पुनःप्राप्ती ९६ टक्के झाली.

परिशुद्धता : एकाच नमुन्याची वारंवार चाचणी केल्यावर उत्तरे एकमेकांच्या किती जवळ येतात, ते परिशुद्धता दाखवते. समजा, सहा वेळा १९.८, १९.९, २०.०, २०.१, २०.२ व २०.३ अशी उत्तरे आली. त्यांची सरासरी २०.०५ व प्रमाण विचलन सुमारे ०.१९, म्हणजे सरासरीच्या सुमारे ०.९ टक्के होते. एकाच दिवशी एकाच व्यक्तीने घेतलेल्या वाचनांवरून पुनरावर्तनक्षमता कळते. दिवस, व्यक्ती व उपकरण बदलून केलेली तपासणी त्याहून कठोर असते. अचूकता आणि परिशुद्धता या भिन्न गोष्टी आहेत. रोज बरोबर दहा मिनिटे पुढे असणाऱ्या घड्याळात सातत्य असते. पण ते योग्य वेळ दाखवत नाही.

रेषीयता व व्याप्ती : घटकाचे प्रमाण वाढते त्याच प्रमाणात उपकरणाचे वाचन वाढते का, हे रेषीयतेत पाहतात. त्यासाठी किमान पाच वेगवेगळ्या तीव्रतांची द्रावणे घेण्याचा प्रघात आहे. ज्या तीव्रतांच्या दरम्यान अचूकता, परिशुद्धता व रेषीयता सिद्ध झाली, ती पद्धतीची व्याप्ती होय. आलेख ३० मिलिग्रॅमपर्यंतच तपासला असेल, तर ४५ मिलिग्रॅमच्या आसपासचा नमुना विरल करूनच मोजावा लागतो. रेषा पुढेही सरळच जाईल असे गृहीत धरणे पुराव्याला सोडून होते.

शोधमर्यादा व परिमापन मर्यादा : घटक आहे एवढेच खात्रीने सांगता येईल असे किमान प्रमाण म्हणजे शोधमर्यादा, तर तो किती आहे हेही भरवशाने सांगता येईल असे किमान प्रमाण म्हणजे परिमापन मर्यादा. कोऱ्या नमुन्याच्या वाचनांचे प्रमाण विचलन आलेखाच्या उताराने भागून त्याला अनुक्रमे ३.३ व १० ने गुणल्यास या मर्यादा मिळतात. विचलन ०.००३ आणि उतार लिटरमागे दर मिलिग्रॅमला ०.०६ असेल, तर शोधमर्यादा सुमारे ०.१७ व परिमापन मर्यादा ०.५ मिलिग्रॅम येते. अहवालातील ‘आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ त्यामुळे ‘शून्य आहे’ असा होत नाही. ‘या पद्धतीच्या शोधमर्यादेहून कमी आहे’ एवढाच तो असतो.

दृढता : अभिकर्मकाचे प्रमाण, तापमान, थांबण्याचा वेळ यांत किरकोळ फरक झाला तरी उत्तर टिकते का, हे यात पाहतात. नायट्रेटच्या चाचणीत कार्बोनेट व हायड्रॉक्साइड यांचा अडथळा टाळण्यासाठी नमुन्यात थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. ते किंचित कमी-अधिक झाल्याने निष्कर्ष बदलत असेल, तर कृतीत तशी स्पष्ट सूचना असावी लागते.

मापनाची अनिश्चितता : वरील अभ्यासांतून मिळालेली माहिती अनिश्चितता काढण्यासाठीही उपयोगी पडते. समजा, अहवालात ४४ मिलिग्रॅम हा आकडा आहे आणि अनिश्चितता ३ मिलिग्रॅम आहे. खरे प्रमाण ४१ ते ४७ च्या दरम्यान असू शकते. अशा वेळी पाणी ४५ च्या मर्यादेत आहे असे निःशंकपणे म्हणता येत नाही. अशा सीमेवरच्या प्रसंगी निर्णय कोणत्या नियमाने घ्यायचा, हे आधीच ठरवून ठेवणे आवश्यक असते.

दूध व मेलॅमिन : विशिष्टतेचा धडा

२००८ साली चीनमध्ये बाळांच्या दूध भुकटीत मेलॅमिन हे औद्योगिक रसायन आढळले. सुमारे तीन लाख मुलांना त्याची बाधा झाली, अनेकांच्या मूत्रपिंडांत खडे झाले आणि अधिकृत नोंदींनुसार सहा बालकांचा मृत्यू झाला. या भेसळीला दुधातील प्रथिने मोजण्याच्या प्रचलित पद्धतीतील एका उणिवेने वाट करून दिली होती.

कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील योहान केल्डाल यांनी १८८३ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. तीत नमुना संहत सल्फ्यूरिक आम्लात तापवून त्यातील नायट्रोजनचे अमोनियम लवण करतात, मग अल्क घालून मुक्त झालेला अमोनिया मोजतात. दुधाच्या बाबतीत आलेल्या नायट्रोजनला ६.३८ ने गुणून प्रथिनांचे प्रमाण काढतात. म्हणजे पद्धत मोजते नायट्रोजन आणि अहवालात लिहिली जातात प्रथिने. दुधातील जवळजवळ सर्व नायट्रोजन प्रथिनांतूनच येतो, या गृहीतकावर हा व्यवहार चालतो.

मेलॅमिनच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश भाग नायट्रोजनचा असतो. त्यामुळे १ ग्रॅम मेलॅमिन या चाचणीत सुमारे ४.२५ ग्रॅम प्रथिनांसारखे दिसते. दुधात पाणी घालून पातळ झालेली प्रथिने अशा रीतीने कागदावर भरून काढता येत होती. केल्डाल पद्धत नायट्रोजनच्या मापनात अचूकही होती आणि परिशुद्धही. शुद्ध दुधासाठी ती आजही वापरली जाते. हेतुपुरस्सर भेसळ झालेल्या दुधासाठी मात्र ती पुरेशी विशिष्ट नव्हती. पुढे द्रव वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन यांची जोड देऊन मेलॅमिन थेट शोधणाऱ्या पद्धती वापरात आल्या. कोडेक्स आयोगाने २०१० साली बाळांच्या दूध भुकटीसाठी किलोग्रॅममागे १ मिलिग्रॅम व इतर अन्नासाठी २.५ मिलिग्रॅम अशी मेलॅमिनची कमाल मर्यादा ठरवली.

प्रयोगशाळांमधील फरक

एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवून केलेल्या अभ्यासातून पद्धतीची पुनरुत्पादनक्षमता कळते. अमेरिकेतील रसायनतज्ज्ञ विल्यम हॉरविट्झ यांनी अशा अनेक सहयोगी अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडून १९८० साली एक संबंध दाखवला : घटकाचे प्रमाण शंभर पटींनी घटले की प्रयोगशाळांमधील सापेक्ष विचलन साधारण दुप्पट होते. १ टक्का प्रमाणात असलेल्या घटकासाठी ते सुमारे ४ टक्के, दहा लाखांत एक भाग असल्यास सुमारे १६ टक्के आणि शंभर कोटींत एक भाग असल्यास सुमारे ४५ टक्के असते. म्हणून अतिसूक्ष्म प्रमाणाच्या चाचणीत दोन प्रयोगशाळांची उत्तरे थोडी वेगळी आली, एवढ्यावरून कोणा एकीची चूक झाली असे ठरत नाही.

‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगणाऱ्या चाचण्या

काही चाचण्या प्रमाण न सांगता केवळ होकार किंवा नकार देतात. त्यांच्या वैधीकरणात खोटे होकार व खोटे नकार यांचे प्रमाण तपासतात. कोविड-१९ च्या साथीत एप्रिल २०२० मध्ये जलद प्रतिपिंड चाचणी संचांच्या निष्कर्षांत मोठी तफावत आढळली. तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राज्यांना दोन कंपन्यांच्या संचांचा वापर थांबवून ते परत करण्यास सांगितले.

नियमन

औषधांच्या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय सुसंगतीकरण परिषदेचे ‘क्यू २’ हे मार्गदर्शक प्रमुख मानले जाते. त्याची सुधारित आवृत्ती २०२३ साली स्वीकारण्यात आली. सर्व प्रकारच्या परीक्षण प्रयोगशाळांसाठी ‘आयएसओ/आयईसी १७०२५’ हे मानक लागू पडते. ते १९९९ साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि २०१७ ची आवृत्ती सध्या प्रचलित आहे. भारतात राष्ट्रीय परीक्षण व अंशशोधन प्रयोगशाळा अधिस्वीकृती मंडळ, म्हणजेच एनएबीएल, या मानकाच्या आधारे प्रयोगशाळांना अधिस्वीकृती देते. ही अधिस्वीकृती सरसकट नसते. ती ठरावीक चाचण्यांपुरती असते.

या बाबीला कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. जून २०१५ मध्ये शिशाच्या प्रमाणावरून मॅगी नूडल्सवर देशभर बंदी आली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचे आदेश रद्द केले. नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचे पालन झाले नाही, तसेच ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर विसंबून कारवाई झाली त्या या चाचणीसाठी आवश्यक अधिस्वीकृती व मान्यता असलेल्या नव्हत्या, ही त्यामागील प्रमुख कारणे होती. न्यायालयाच्या आदेशानुसार अधिस्वीकृत प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली आणि तीत शिसे मर्यादेत आढळले.

मर्यादा

वैधीकरण एकदा केले की कायमचे संपले, असे नसते. उपकरण, अभिकर्मक, नमुन्याचा प्रकार किंवा कृतीतील टप्पा बदलल्यास संबंधित गुण पुन्हा तपासावे लागतात. रोजच्या कामातही कोरा नमुना, ज्ञात नमुना व पुनरावृत्त वाचने घेऊन पद्धतीवर लक्ष ठेवतात. तसेच नमुना चुकीच्या ठिकाणाहून घेतला किंवा वाटेत खराब झाला, तर उत्तम पद्धतही योग्य उत्तर देऊ शकत नाही. ‘ही पद्धत वैध आहे’ हे विधान म्हणूनच एकटे अपुरे ठरते. ती कोणत्या घटकासाठी, कोणत्या प्रकारच्या नमुन्यासाठी, किती प्रमाणाच्या व्याप्तीत आणि कोणत्या निर्णयासाठी वैध आहे, हे सोबत सांगितले तरच त्या विधानाला अर्थ येतो.