चॉकलेटची माती, बिस्किटांची थडगी

ऑक्टोबर सरत आला, की अमेरिकेतील घरांच्या पायऱ्यांवर कोरलेले भोपळे येऊन बसतात, कुंपणांवर कापसाची कोळिष्टके पसरतात आणि स्वयंपाकघरात मुलांची लुडबुड वाढते. ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन हा मुलांचा हक्काचा सण. त्या दिवशी भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटे मागायची, हे आता जगभर ठाऊक झाले आहे. मात्र या सणाची आणखी एक परंपरा घराच्या आतच रंगते. ती म्हणजे पाहताक्षणी किळस यावी आणि खाल्ल्यावर आणखी मागावे, असे गोड पदार्थ करण्याची. त्यातला बहुधा सर्वांत सोपा आणि मुलांचा सर्वांत लाडका पदार्थ म्हणजे 'डर्ट कप', शब्दशः मातीचा पेला. पारदर्शक पेल्यात चॉकलेटचे पुडिंग, त्यावर काळ्या बिस्किटांच्या चुऱ्याची 'माती', मातीत रोवलेले लंबगोल बिस्किटाचे थडगे आणि त्याच्या आडून डोके वर काढणारे जेलीचे गांडूळ!

या पदार्थाला ओव्हन लागत नाही आणि त्याची खरी ओळख तीच आहे. केक करायचा तर मुलांच्या वाट्याला पीठ ढवळण्यापलीकडे काही येत नाही. पुढचे सारे आचेच्या हाती जाते आणि आच मोठ्यांच्या ताब्यात असते. इथे मात्र चुरा करण्यापासून थडगे रोवण्यापर्यंत सगळे काम लहान हातांना करता येते. परंतु ओव्हन नसण्याची दुसरी बाजूही आहे. आच पदार्थ शिजवते तशी ती जंतूही मारते. ती वगळली, की तिचे काम थंडावा, स्वच्छता आणि वेष्टनावरील बारीक अक्षरांचे वाचन यांनी करावे लागते. हे भान ठेवले नाही, तर भुताचा खेळ एखाद्या मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

मृतांच्या स्मरणाचा आणि खाण्याचा संबंध या सणाच्या मुळातच आहे. केल्टिक लोकांचा 'सावन' हा सुगी संपल्याचा आणि हिवाळा लागल्याचा उत्सव आणि ख्रिस्ती परंपरेतील १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस, यांच्या संगमातून हॅलोविन घडला. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांनी तो अमेरिकेत नेला. मायदेशी ते सलगम कोरून दिवे करीत, अमेरिकेत त्यांना ऐसपैस भोपळा मिळाला. आयर्लंडमध्ये या रात्री 'बार्मब्रॅक' नावाचा मनुका घातलेला पाव केला जाई. त्यात अंगठी वा नाणे लपवलेले असे आणि ज्याच्या घासात ते येई, त्याचे वर्षाचे भविष्य त्यावरून वर्तवले जाई. आजचा मातीचा पेला हे त्या पावाचे लांबचे, पूर्णपणे कारखानदारी युगातले भावंड म्हणता येईल. काळ्या कोकोच्या दोन चकत्यांमध्ये पांढरे क्रीम भरलेले ओरिओ बिस्किट १९१२ मध्ये बाजारात आले. पुढे घरोघरी शीतकपाट पोहोचले आणि न भाजता केवळ थंडाव्याने थिजवण्याचे गोड पदार्थ रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धातील साखरेचे शिधावाटप अमेरिकेत १९४७ मध्ये उठले आणि हॅलोविनच्या रात्री गोडाचा अक्षरशः पूर आला. जेलीची गांडुळे त्या मानाने अगदी अलीकडची. ती १९८१ मध्ये जर्मनीत जन्मली.

आता प्रत्यक्ष कृती. आठ पेल्यांसाठी (प्रत्येकी साधारण २०० मिलिलिटर) चॉकलेटच्या झटपट पुडिंगचे सुमारे ११० ग्रॅमचे एक पाकीट, दोन कप म्हणजे ४८० मिलिलिटर थंड दूध, फेटण्याचे क्रीम २५० मिलिलिटर, दोन चमचे पिठीसाखर, क्रीम भरलेली काळी बिस्किटे सुमारे तीस, थडग्यांसाठी आठ लंबगोल बिस्किटे आणि जेलीची गांडुळे एवढे साहित्य लागते. बिस्किटे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बंद करून लाटण्याने कुटावीत. तीन-चार वर्षांच्या मुलाला हे काम द्यावे; त्याचा उत्साह सत्कारणी लागतो आणि मिक्सरच्या पात्यापासून बोटेही दूर राहतात. चुरा अगदी पिठासारखा करू नये. थोडे खडे राहिले तरच ती माती वाटते. आतले पांढरे क्रीम वेगळे काढण्याचीही गरज नाही. कुटताना ते चुऱ्यात मिसळून जाते.

दुधात पुडिंगचे पाकीट रिकामे करून दोन मिनिटे फेटावे आणि पाच मिनिटे तसेच ठेवावे. एवढ्यात ते दाट होते आणि मुलांना ही जादू वाटते. जादूचे कारण असे, की साधे कॉर्नफ्लोअर थंड दुधात कितीही ढवळले तरी दाट होत नाही. त्याचे कण फुगायला उष्णता लागते. झटपट पुडिंगमधला स्टार्च कारखान्यातच आधी शिजवून वाळवलेला असतो, म्हणून तो गार दुधातही पाणी शोषतो. त्याच्या जोडीला असलेले फॉस्फेटचे क्षार दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम यांना एकत्र बांधून घट्टपणा आणतात. म्हणूनच हे पाकीट सोयाच्या दुधात घातले, तर मिश्रण पातळच राहते. दूध न चालणाऱ्या मुलासाठी ऐनवेळी दूध बदलणाऱ्या पालकांची फजिती होते ती इथेच. अशा मुलासाठी वेगळी वाट आहे. नारळाच्या घट्ट दुधाचा ४०० मिलिलिटरचा डबा रात्रभर शीतकपाटात ठेवावा, वर जमलेली साय तेवढी काढून कोमट करावी आणि तीत दुधाचा अंश नसलेले २०० ग्रॅम गडद चॉकलेट वितळवून ढवळावे. थंड झाल्यावर कोको आणि नारळ या दोहोंतील स्निग्धांश गोठून पेला आपोआप थिजतो.

क्रीम मात्र थंडच हवे. भांडे आणि फेटणीही आधी गार करून ठेवली तर उत्तम. फेटताना हवेचे बुडबुडे अडकतात आणि गोठलेल्या स्निग्धांशाचे कण त्यांना धरून ठेवतात. उबदार स्वयंपाकघरात हे कण मऊ पडले, की सगळा फेस बसतो. उलट फेटण्याचा अतिरेक झाला तर लोणी सुटते. सायीचे लोणी काढणाऱ्या मराठी घरांना हे वेगळे सांगायला नको. साखर घालून फेटलेले क्रीम पुडिंगमध्ये हलक्या हाताने मिसळावे, निम्मा चुराही त्यातच घालावा आणि पेले पाऊण भरावेत. उरलेल्या चुऱ्याचा थर वर द्यायचा तो खाण्याच्या अगदी आधी. बिस्किट ओलावा ओढून घेते. आतला चुरा मऊ झालेला चालतो, वरची माती मात्र कोरडीच शोभते. पेले निदान तासभर शीतकपाटात ठेवावेत.

थडग्यांवर वितळलेल्या चॉकलेटने अक्षरे काढण्याचे काम थोड्या मोठ्या मुलांचे. चॉकलेट वितळवताना भांड्याला पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. एवढ्याशा पाण्याने त्याचा लगेच गोळा होतो. थडग्यावर कोणाचेही खरे नाव लिहू नये, असा संकेत मुलांना आधीच सांगून ठेवावा. नुकताच घरात मृत्यू झाला असेल, तर थडग्याऐवजी भोपळा किंवा वटवाघूळ करावे. चार वर्षांच्या आतल्या काही मुलांना भीती आणि गंमत यांतली सीमारेषा कळत नाही. पण जे भूत आपणच क्रीमने काढले, त्याची भीती बहुधा वाटत नाही. केळ्याचा अर्धा तुकडा घट्ट दह्यात बुडवून, चॉकलेटच्या कणांचे डोळे लावून गोठवला, की असे भूत तयार होते.

आता सांभाळायच्या गोष्टी. भाजायचे नाही म्हणून 'कच्च्या पिठाचे' लाडू किंवा कुकीचे मिश्रण मुलांना चाटायला देण्याची एक चाल आहे. ती सोडून द्यावी. मैदा कोरडा असला तरी कच्चाच असतो. २०१६ मध्ये अमेरिकेत कच्च्या मैद्यातून ई. कोलाय जंतूंची बाधा अनेक राज्यांत पसरली होती आणि २०१९ मध्येही तसे प्रकार घडले. कच्च्या अंड्याच्या मूसबाबतही हाच धोका. मातीच्या पेल्यात या दोन्ही गोष्टी नाहीत, हे त्याचे मोठेच सुख आहे. पण दूध आणि क्रीम आहे. त्यामुळे शीतकपाटाचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे आणि बाहेर काढलेला पेला दोन तासांत संपवावा किंवा परत आत ठेवावा. मेजवानीच्या टेबलावर संध्याकाळभर मांडून ठेवण्याची ही वस्तू नव्हे.

त्याहून गंभीर प्रश्न ॲलर्जीचा. अमेरिकेत वेष्टनबंद पदार्थांवर नऊ घटकांचा स्पष्ट उल्लेख बंधनकारक आहे: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, बदाम-अक्रोडासारखी कवचाची फळे, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि २०२३ पासून तीळ. या साध्या पेल्यात त्यांपैकी दूध, गहू आणि सोया सहज येतात. थडग्याच्या बिस्किटात अनेकदा अंडेही असते. ओरिओच्या नावाशी क्रीम जोडलेले असले तरी त्यात दूध मुद्दाम घातलेले नसते. परंतु कारखान्यात दुधाचा अंश लागू शकतो, असा इशारा अमेरिकेतील वेष्टनावर असतो. तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला तेवढा अंशही पुरतो. त्यामुळे पाहुण्या मुलांच्या पालकांना आदल्या दिवशीच विचारावे, वेष्टने फेकून न देता टेबलाशी ठेवावीत आणि वेगळा पेला करायचाच तर तो स्वच्छ भांड्यांत सर्वांत आधी करून झाकून ठेवावा. एकच चमचा दोन्हीकडे फिरला, तर साऱ्या काळजीवर पाणी पडते. २०१४ पासून अमेरिकेत अनेक घरे दारात निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा ठेवतात. इथे खाऊऐवजी खेळणी किंवा रंगीत पेन्सिलीही मिळतील, अशी ती खूण असते. वर्षातली ही एक रात्र सगळ्या मुलांबरोबर हिंडता यावे, एवढीच त्या घरांची इच्छा.

घशात अडकण्याचा धोका गोडाच्या रूपात आला की विसरला जातो. चार वर्षांखालील मुलांना टणक गोळ्या, अख्खे दाणे, अख्खी द्राक्षे, मार्शमेलो आणि चिवट जेली देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. साखरेचे टणक 'डोळे' दिसायला झकास असले तरी लहानग्यांच्या पेल्यात नकोत. त्यांच्या पेल्यात चॉकलेटने ठिपके काढून भागते. आणि धूर निघावा म्हणून पेल्यात कोरडा बर्फ टाकण्याचा मोह तर पूर्णपणे आवरावा. तो उणे ७८ अंश सेल्सिअसचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड असतो आणि गिळला गेल्यास तोंड-घसा जाळतो. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राममधील एका उपाहारगृहात मुखशुद्धी समजून तो खाल्लेल्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी शाकाहारी कुटुंबांना एक निराळीच अडचण येते. जेलीची गांडुळे आणि मार्शमेलो यांत सहसा जिलेटिन असते आणि ते डुकराच्या कातडीपासून किंवा गुरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. मुलाला मित्राच्या घरी काय सांगायचे, हा प्रश्न दर ऑक्टोबरात नव्याने उभा राहतो. पेक्टिन घातलेली शाकाहारी गांडुळे आता मिळतात. ती न मिळाल्यास चायना ग्रास आहेच. दहा ग्रॅम चायना ग्रास अर्धा लिटर पाण्यात भिजवून, मोठ्या माणसाने ते पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे, साखर आणि रंगासाठी बिटाचा रस घालून ताटात पातळ थर द्यावा. तो बाहेरच्या तापमानालाच थिजतो. मग मुलांनी बोथट सुरीने नागमोडी पट्ट्या कापाव्यात. जिलेटिन तोंडाच्या उबेने विरघळते, चायना ग्रास विरघळत नाही. म्हणून ही गांडुळे ताणली जात नाहीत, चावताच तुटतात. चव आपापली, पण मातीतून ओढताना निम्मे गांडूळ हातात आणि निम्मे पेल्यात राहिले, तर मुले तेही खऱ्यासारखेच मानतात.

मुंबई-पुण्यातील काही शाळा आणि गृहसंकुलांतही आता हॅलोविन साजरा होतो. तिथे झटपट पुडिंगचे पाकीट शोधत हिंडण्यापेक्षा कस्टर्ड पावडर आणि कोको दुधात शिजवून गार केलेले बरे. आच लागते, पण ती एकदाच आणि मोठ्यांच्या हातून. वरची साय धरू नये म्हणून गार होताना अधूनमधून ढवळावे किंवा पृष्ठभागाला चिकटेल असा प्लॅस्टिकचा कागद लावावा. ऑक्टोबरच्या उष्म्यात फेटलेले क्रीम टिकत नाही. त्याऐवजी पाणी निथळलेला घट्ट चक्का साखर घालून मिसळता येतो. थोडी आंबट झाक येते, ती चॉकलेटला शोभते.

पेले आदल्या रात्री भरून ठेवले तरी चालतात. माती, थडगे आणि गांडुळे मात्र पाहुणे दारात आल्यावरच लावावीत. गांडूळ रात्रभर पुडिंगमध्ये राहिले, तर पाणी शोषून फुगते. उरलेले पेले झाकून दोन दिवस शीतकपाटात राहतात. दुसऱ्या दिवशी माती ओली होऊन थडगी कलंडलेली असतात आणि स्मशान अधिकच जुनाट दिसते.