पेटीची पट्टी आणि गिटारचे पडदे

ब्रह्मपुरी, वडसा आणि वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांत दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके रात्ररात्र रंगतात. त्यांत गायनाला मोठे स्थान असते. आणि गायकाला आपली पट्टी पेटीवाल्यास आधी सांगावी लागते : काळी एक, पांढरी चार, इत्यादी. पाश्चात्त्य स्वरलेखनाची किल्ली याच साध्या व्यवहारात आहे. मात्र गिटार शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या हाती ती क्वचितच दिली जाते.

विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ आणि मंद्र व तार सप्तकांसाठी अनुक्रमे खाली व वर बिंदू येतो. या खुणांवरून स्वराचे षड्जाशी असलेले नाते कळते. षड्ज कोठे धरावा, हे कळत नाही. पाश्चात्त्य लेखनाचे नेमके उलट आहे. त्यातील पाच रेषांवर ना षड्ज आहे, ना गंधार. तेथे आहेत त्या पेटीच्या पट्ट्या. गिटारसाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रेबल क्लेफमध्ये खालून वर जाणाऱ्या रेषा ई, जी, बी, डी, एफ, म्हणजेच पांढरी तीन, पाच, सात, दोन, चार अशा होत. आणि मधल्या जागा पांढरी चार, सहा, एक, तीन. ‘सी म्हणजे सा’ असे जे सर्रास पढविले जाते, ते पांढरी एकमध्ये गाणाऱ्यापुरतेच खरे आहे. गायक काळी एकवर गेला की ती घोकंपट्टी निरुपयोगी ठरते.

गिटारच्या सहा मोकळ्या तारा जाडीकडून बारकीकडे पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात, तीन अशा लावतात. प्रत्येक पडदा म्हणजे काळ्यांसह पुढची एक पट्टी. पांढरी तीन व चार, तसेच सात व पुढची एक, यांच्यामध्ये काळी नसल्यामुळे तेथे अंतर एका पडद्याचे. एरवी दोन पांढऱ्यांत दोन पडद्यांचे. पेटीवर हा भेद डोळ्यांना दिसतो, गिटारच्या एकरंगी पट्टीवर तो ध्यानात ठेवावा लागतो.

खरी अडचण याहून निराळी आहे. पेटीवर प्रत्येक स्वराला एकच जागा असते, गिटारवर अनेक. सर्वांत वरच्या जागेतील ई पहिल्या तारेवर मोकळा मिळतो; तोच दुसरीच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या पडद्यावरही सापडतो. कोणती जागा घ्यावी, हे मागचे-पुढचे स्वर पाहून हातानेच ठरवावे लागते. शिवाय गिटारचे लेखन प्रत्यक्ष नादाहून एक सप्तक वर करण्याचा प्रघात आहे. पेटीशी मेळ घालताना नवशिक्याचा गोंधळ होतो तो बहुधा येथेच.

गायकाची पट्टी काळी एक असेल, तर पहिल्या पडद्यावर केपो नावाचा चिमटा बसवितात आणि बोटे पांढरी एकमध्ये वाजवावे तशीच चालवितात. त्या वेळी कागदावरचा सी काळी एक होऊन वाजतो.