जवळची वाट आणि लवकरची वाट

बागेतली साधी घसरगुंडी पाहा. वरच्या टोकाला खालच्या टोकाशी जोडणारी सर्वांत जवळची वाट सरळ रेषेची. मग सर्वांत लवकर पोचवणारीही तीच असणार, असं कुणालाही वाटेल. तसं नाही.

घर्षण बाजूला ठेवलं, तर घसरणाऱ्या वस्तूचा वेग ती किती खाली आली एवढ्यावरच ठरतो आणि उतरलेल्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे उंचीचा पहिला पाव हिस्सा उतरला, की शेवटच्या वेगाचा निम्मा वेग हाती आलेला असतो! सगळी मेख इथेच आहे. सुरुवात खडी ठेवली तर वेग लवकर मिळतो आणि पुढच्या सगळ्या वाटेवर कामी येतो. फार खडी केली, तर मात्र वाटच लांबते. नेमका मेळ कुठे बसतो?

गॅलिलिओला १६३८ मध्ये वाटलं, वर्तुळाच्या कंसावर. १६९६ मध्ये योहान बर्नुलीनं हेच कोडं युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकलं आणि न्यूटननं ते एका रात्रीत सोडवलं, असं सांगतात. मला बर्नुलीची स्वतःची युक्ती जास्त आवडते. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना वाकतो, तो कमीत कमी वेळाची वाट धरून. मग खाली जाताना वेग वाढत जाणारे पातळ थर एकाखाली एक रचले, तर त्यांतून वाकत जाणारा किरणच उत्तर काढून देईल!

उत्तर निघालं सायक्लॉइड. डब्याच्या झाकणाच्या कडेला पेन्सिलीचं टोक चिकटवा आणि झाकण भिंतीलगत पट्टीवरून न घसरता फिरवा. भिंतीवर कमानी उमटतील. त्यातली एक उलटी केली, की झाली आपली घसरगुंडी.

१ मीटर खाली आणि साधारण १.५७ मीटर पुढे जायचं आहे, असं धरू. सरळ वाट १.८६ मीटरची, सायक्लॉइडची पुरती २ मीटर. तरीही सरळ वाटेला ०.८४ सेकंद लागतात, वाकड्या वाटेला ०.७१.

याच वक्राचा आणखी एक गुण हायगेन्सनं १६५९ मध्येच शोधला होता आणि लंबकाच्या घड्याळासाठी वापरला होता. उलट्या कमानीच्या एका बाजूला अगदी वरून एक गोटी सोडा, त्याच क्षणी दुसऱ्या बाजूला तळाच्या जवळून दुसरी. दोघींची टक्कर बरोबर तळाशी होते.