वाढीव कोबा

व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या 'बनगरवाडी'तला तरुण मास्तर पहाटेच्या अंधारात पायी निघून नोकरीच्या वाडीवर पोहोचतो. त्याच माणदेशातून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात पांगलेली माणसे आज दिवाळीला किंवा यात्रेला गावी येतात ती मोटारीने. आणि बारापंधरा वर्षांपूर्वी एका जीपच्या हिशेबाने फाटकापासून ओट्यापर्यंत घातलेला सिमेंटचा कोबा दोन गाड्यांना अपुरा पडतो, असे ध्यानी आले की परतीच्या गडबडीत गवंड्याला एवढेच सांगितले जाते, की बाजूने दहा फूट कोबा वाढवून ठेव. काम किरकोळ खरे. परंतु वाढीव कोबा जितक्या वेळा बिघडतो तितका मूळचा बिघडत नाही, आणि त्याची कारणे शोधू गेल्यास प्रत्येक वेळी माणूस पाण्यापाशी येऊन थांबतो, ही गोष्ट माणसारख्या कोरड्या तालुक्यात काहीशी चमत्कारिक वाटते.

पहिले पाणी जमिनीतले. माणगंगेच्या काठाला काळी आहे आणि वर माळाला मुरमाड. मुरमावर घर असणारा नशीबवान, कारण मुरूम भिजला तरी जागचा हलत नाही. काळी माती मात्र पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर कोबा घातला असता तिच्या या श्वासोच्छ्वासाबरोबर तोही वरखाली होतो. जुन्या कोब्याखालची जमीन वर्षानुवर्षांच्या भाराने दबून बसलेली असते. शेजारची, जिच्यावर कालपर्यंत तुळस आणि चार गवती चहाची ठोंबे होती, ती भुसभुशीत असते. म्हणून वरची माती वीतभर तरी काढून, काळी असेल तर आणखी खोल जाऊन, तेथे मुरमाचे थर पाणी शिंपडून धुमसाने ठोकून बसवावेत आणि ठोकून झालेला थर सहा इंचांच्या आसपास भरावा. मालकाच्या दृष्टीने हा खर्च मातीत गेलेला असतो, आणि कामात पहिली काटकसर होते ती येथेच.

दुसरे पाणी मिश्रणातले. पाच मीटर रुंद आणि सहा मीटर लांब अंगणातली तीन मीटरांची पट्टी वाढवायची म्हटली, तर १८ चौरस मीटर क्षेत्र होते. मोटारीसाठी १०० मिलिमीटर म्हणजे चार इंच जाडी पुरते (मालाचा ट्रक आत यावयाचा असल्यास सहा इंच घ्यावी), आणि एकास दीड आणि तीन या प्रमाणाने १.८ घनमीटर काँक्रीटला सिमेंटची चौदा-पंधरा पोती लागतात. पन्नास किलोच्या एका पोत्याला २५ लिटरांहून अधिक पाणी घालू नये, आणि वाळू ओली असेल तर त्यातूनही वजा करावे. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा पाणीच खर्ची घालता येते. उरलेले केवळ माल पसरावा म्हणून असते, आणि ते उडून गेल्यावर मागे सूक्ष्म पोकळ्या राहतात. तरीही घमेल्यातला माल फावड्याने सरसर सरकावा म्हणून आणखी अर्धी बादली ओतण्याचा मोह कोणत्याही गड्याला आवरत नाही. ज्या मुलुखात हंडाभर पाण्याचा हिशेब ठेवतात, तेथे ही एकच उधळपट्टी बिनदिक्कत चालते, आणि वर्षभराने कोब्याचा पृष्ठभाग खरवडून पिठासारखा निघू लागला की दोष मात्र सिमेंटच्या कंपनीला लागतो.

आता सांधा. जुन्या कोब्याला टाचे मारून, सिमेंटचे पाणी ओतून, नवा त्याला एकजीव करून टाकू, असे आश्वासन पुष्कळ गवंडी मनापासून देतात. ते पाळणे त्यांच्या हाती नसते. काँक्रीटमधले जादा पाणी उडून जाते तसे ते आकसते. जुना कोबा आपल्या वाटणीचे आकसून केव्हाच स्वस्थ झालेला असतो, नवा अजून आकसावयाचा असतो, आणि दोघांना घट्ट चिकटविले तर नवा स्वतःलाच फाडून घेतो. त्यात ऊन. सहा मीटर लांबीचा कोबा तापमानात ३० अंशांचा फरक पडताच जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर लांबतो वा आखडतो, आणि माणदेशातल्या दुपार-पहाटेत एवढा फरक पृष्ठभागाला नवा नाही. यास्तव जुनी कड कटरने सरळ कापून, भुगा झालेला भाग काढून, मध्ये १२ मिलिमीटर जाडीची दबणारी पट्टी उभी करावी आणि सांधा उघडपणे सांधा म्हणून राहू द्यावा. चाक त्या सांध्यावरून आडवे जाणार असेल तर एक बाजू खचून पायरी पडू नये म्हणून १२ मिलिमीटरच्या, हात-सव्वा हात लांबीच्या गुळगुळीत सळ्या दर फुटावर जुन्या कोब्याच्या जाडीच्या मध्यभागी भोक पाडून पक्क्या बसवितात. त्यांच्या नव्या बाजूच्या अर्ध्या भागाला मात्र ग्रीस लावावे लागते, म्हणजे सळी भार पेलते पण सरकण्यास आडकाठी करीत नाही. हे ग्रीस पाहून नवखा कामगार ते पुसून टाकतो, म्हणून मालकाने तेवढा वेळ उभे राहावे. नव्या पट्टीतही दर अडीच-तीन मीटरांवर जाडीच्या चौथाईइतकी खाच दुसऱ्या दिवसाच्या आत पाडावी, म्हणजे तडा जावयाचाच तर आखल्या रेषेत जाईल. अमेरिकेतील बेलफाउंटन या गावी १८९१ साली जॉर्ज बार्थोलोम्यूने काँक्रीटचा रस्ता घातला तोही सुटासुटा, चौकोनांचा होता.

पट्टी ओढून, थापीने घोटून झाले की गवंडी हिशेब मिटवून जातो आणि खरे काम घरच्यांवर येते. काँक्रीट वाळते ही समजूत चुकीची आहे. ते पाणी धरून घट्ट होते, आणि ओल संपली की ताकद वाढणेही संपते. आय. एस. ४५६ या भारतीय मानकात साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, कोरड्या व उष्ण हवेत १० दिवस आणि हल्ली दुकानात मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला १४ दिवसांपर्यंत पाणी मारण्याची शिफारस आहे. मिश्रणात चारशे लिटरांच्या आतच पाणी गेलेले असते. नंतरच्या पंधरवड्याला त्याहून पुष्कळ अधिक लागते, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ते कोब्यावर ओतणे जिवावर येते हेही रास्त आहे. तोड अशी, की ओल्या गोणपाटावर शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा अंथरून कडेला दगड ठेवावेत. मग दिवसाकाठी दोनचार बादल्यांत निभावते. मुहूर्तच पाहावयाचा तर भाऊबीज आटोपताच काम धरावे. तेथून म्हसवडच्या रथापर्यंत, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, जवळजवळ २८ दिवस भरतात, आणि काँक्रीटची पूर्ण ताकद मोजण्याची शास्त्रातली मुदतही तेवढीच आहे. (त्या दिवसांत गवंडी मोकळा सापडणे हा वेगळा योग.)

राहिले वरून वाहणारे पाणी. आपल्या माळवदाच्या घरांवर पांढरी माती चोपताना जुने लोक पन्हाळीकडे उतार नेमका साधत असत. नव्या कोब्याला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार ठेवणे त्याच जातीचे ज्ञान आहे, आणि तो घराकडे असू नये हे सांगावे लागते कारण तसा तो असलेला पाहण्यात आहे. गटारावर कोबा चढवून रस्त्याच्या हद्दीत घुसू नये. नळी टाकावयाची तर आधी ग्रामपंचायतीला विचारावे. पण उतार रस्त्याकडे काढून पाणी घालवून देणे मला माणमध्ये पटत नाही. येथीलच टाकेवाडीने जमिनीत पाणी मुरविण्याच्या कामासाठी २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये पहिला क्रमांक मिळविला. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर आपल्या १८ चौरस मीटरांच्या पट्टीवर ९,००० लिटर पडते, आणि पूर्वी त्यातले बरेचसे अंगणात मुरत असे. एक तर सबंध पट्टी न घालता चाकांखाली दोन-दोन फुटांचे पट्टे घालून मधे माती तशीच राहू द्यावी; नाही तर उताराच्या टोकाला दगडगोट्यांनी भरलेला शोषखड्डा करावा, आणि पायापासून पुरेशा अंतरावर, त्याच्या काठाला एखादे लिंबाचे रोप लावावे. उन्हाळ्यात गाडीला सावली होईल.